उंडारायला आधी दावं लागतं

गळ्यात लाकडाचा ओंडका लोंबणारं जनावर खेड्यात अजून दिसतं. त्या ओंडक्याला लोढणं म्हणतात. तो पुढच्या गुडघ्यांच्या आसपास येईल एवढी दोरी सोडायची. मग जनावर सावकाश चरत असेल तोवर त्याला काही होत नाही, पण धावायला लागलं की ओंडका पायांवर आपटतो. दोरी आखूड राहिली तर पायांना काही लागत नाही आणि जनावर खुशाल पळतं. जास्त लांब झाली तर ओंडका फरफटत जाऊन झुडपात अडकतो आणि मानेला हिसका बसतो. एवढा बंदोबस्त ज्या सवयीसाठी करायचा, ती सवय म्हणजे उंडारणं.

‘उंडारणे म्हणजे निरुद्देश भटकणे’ एवढाच अर्थ सहसा सांगितला जातो. तो चूक नाही, पण तोकडा आहे. रानातली हरणं उंडारत नाहीत, ती हिंडतात. ज्याला गोठा आहे, दावं आहे, दिवेलागणीला ज्याची वाट बघितली जाते, तेच जनावर उंडारतं. माणसाचंही तसंच. मूल उंडारतं ते अभ्यास टाकून, घरी सांगितलेली वेळ चुकवून. आत्ता कुठे असायला हवं ते ठरलेलं असतं आणि पाय भलतीकडेच असतात.

याच गोठ्यातले आणखी तीन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. ओढाळ जनावराला ओढ असते. ते उभ्या पिकाकडेच जातं, कितीही हाकला, पुन्हा तिथेच येतं. उंडारणाऱ्याला अशी ओढ नसते. मोकाट हे मालकाकडून ठरतं: सुगी संपली, रानं रिकामी झाली, की गुरं मोकाट सोडतात. आणि उनाड हा स्वभाव झाला. कोकणात ‘उनाड गुरं’ म्हणतात, देशावर तीच बहुतेकदा ‘मोकाट जनावरं’ होतात.

हुंदडणं निराळं. त्यात उड्या आहेत, अंगातली मस्ती आहे. वासरू अंगणातल्या अंगणातही हुंदडतं, उंडारायला मात्र अंगण सोडावं लागतं. भरकटण्यात आधी एक वाट असते आणि ती चुकते. वणवण गरजेपोटी होते, पाण्यासाठी किंवा कामासाठी. दुष्काळात हंडा घेऊन फिरणाऱ्या बाईबद्दल ‘उंडारते’ म्हणणं क्रूरपणाचं होईल.

शब्दामागे मालकी असते, म्हणून कायदाही येतो. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानं पिकात शिरलेलं जनावर धरायचा हक्क शेतकऱ्याला दिला. धरलेलं जनावर २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायचं आणि मालकानं दंड, चारापाण्याचा खर्च भरून ते सोडवायचं. त्याच १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदाही केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि फिरत्या जमातींची माणसं सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये कोंडली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. या लोकांचं फिरणं निरुद्देश नव्हतंच. कुठल्या हंगामात कुठल्या गावी काम मिळतं, कुठल्या जत्रेला पोचायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, त्याची तारीख त्यांना कोणी कळवावी लागत नाही. भटक्यांच्या भटकण्याला उंडारणं म्हणू नये, हा माझा आग्रह आहे.

आता वापराकडे. उंडारणे हे अकर्मक क्रियापद आहे आणि त्याला मुक्काम चालत नाही. ‘तो पुण्याला उंडारला’ कानाला खटकतं. ‘पुण्यात उंडारत होता’ किंवा ‘गावभर उंडारला’ सरळ वाटतं. ‘सगळा किल्ला हिंडलो’ म्हणता येतं, ‘सगळा किल्ला उंडारलो’ नाही, कारण उंडारण्यात जागा पुरी करायची नसते. नुसता भूतकाळही लंगडा पडतो. ‘काल उंडारला’ यापेक्षा ‘काल दिवसभर उंडारला’ बरं, कारण या क्रियेला वेळेचा पसारा लागतो. ‘उंडारायला गेलाय’, ‘उंडारून आला’, ‘नुसता उंडारतोय’ ही रोजच्या बोलण्यातली रूपं. किल्ल्यांच्या सफरींना मात्र भटकंतीच म्हणा. तिथे गाडीची वेळ, पाण्याच्या बाटल्या, परतीचा रस्ता, सगळं आधी ठरलेलं असतं.

हा शब्द वडीलधाऱ्यांनी धाकट्याला म्हणायचा किंवा बरोबरीच्यानं बरोबरीच्याला. ‘आजोबा, कुठे उंडारत होतात?’ हा उर्मटपणा झाला. तिथे ‘फिरून आलात का?’ विचारतात. स्वतःबद्दल मात्र तो गोड होतो: ‘सुट्टीत मनसोक्त उंडारलो.’

मुलींच्या बाबतीत याला नको ती धार चढते. मुलगा उंडारला तर पोरवय म्हणून सोडून देतात, मुलीला त्यावरून चारित्र्याचा दाखला मागतात. ‘उंडगी’ तर शिवीच. शब्दात मुळात तसं काही नाही, म्हणून तो मुलींसाठीही त्याच मोकळेपणानं वापरायला हवा. उशिरा घरी आलेल्या लेकीला आई ‘उंडारून झालं असेल तर हातपाय धू, पानं घेतली आहेत’ असं म्हणते, तेव्हा शब्द अगदी जागेवर बसतो.