लॅपटॉप उठतो, मग नेट का उठत नाही?

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत बोलायला गेलो की कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी थांबून हमखास विचारते, “सर, लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडले की स्क्रीन येते, फाइली येतात, पण नेट येत नाही, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला की येते. असे का?” बसची वेळ झालेली असल्यामुळे मी आजवर “क्रम चुकलेला असतो” एवढेच सांगत आलो. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून तो क्रम कशाचा ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधारे नीट सांगतो.

नेटवर्क कार्डाकडे पॅकेट, म्हणजे माहितीचे लहानसे पुडके, आले की ते प्रोसेसरला इंटरप्ट देते, म्हणजे हातातले काम थांबवून माझ्याकडे बघ असे सांगते. एक गिगाबिटच्या वायरीवर ६४ बाइटच्या, म्हणजे सर्वांत लहान फ्रेम (वायरीवरून जाताना पॅकेटाला मिळणारे रूप) पाठोपाठ आल्या तर एका सेकंदात सुमारे १४ लाख ८८ हजार होतात. प्रत्येकीसाठी इंटरप्ट घेतला तर प्रोसेसर नुसता हाकांना ओ देत बसतो आणि एकही पॅकेट प्रोग्रामपर्यंत पोचत नाही, हे जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्येच दाखवून दिले होते. लिनक्समध्ये यावरचा उपाय ‘नापी’ या नावाने आला. आपल्याकडचा गळीत हंगाम डोळ्यांसमोर आणा. उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरने फाटकावर हॉर्न वाजवायचा आणि काट्यावरच्या कारकुनाने दर वेळी खोलीतून उठून यायचे, असे कोणताही कारखाना चालवत नाही. पहिला हॉर्न ऐकून कारकून काट्यावर येतो, बाकीच्यांना हॉर्न बंद ठेवायला सांगतो, रांगेतली वजने उरकतो आणि यार्ड रिकामे झाले की हॉर्नची परवानगी देऊन खोलीत परततो. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, हाही पहिल्या इंटरप्टला कार्डाचे पुढचे इंटरप्ट बंद करतो, कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) पोलिंगची, म्हणजे आपणहून जाऊन पॅकेटे उचलण्याची, नोंद करतो, आणि मग एका फेरीत साधारण ६४ पर्यंत पॅकेटे उचलली जातात. त्याहून कमी निघाली, म्हणजे रांग संपली, की इंटरप्ट पुन्हा सुरू होतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा: इंटरप्ट बंद करणारा भाग (हँडलर) वेगळा आहे आणि सुरू करणारा (पोलिंग) वेगळा.

झोपेचा संबंध येथेच येतो. सस्पेंडच्या, म्हणजे यंत्र झोपवण्याच्या, वेळी कर्नल सर्वसाधारण इंटरप्ट स्वतः थांबवतो खरा, पण ते शेवटच्या टप्प्यांत. ड्रायव्हरचे सस्पेंडचे काम चालू असते तेव्हा इंटरप्टची लाइन जिवंतच असते. म्हणून वरून, म्हणजे प्रोग्रामांकडून, येणारी पॅकेटे आधी थांबवावी लागतात, मग कार्डाचे इंटरप्ट बंद करून चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबावे लागते, नापी बंद करावी लागते आणि मगच कार्डाची वीज कमी करता येते. उठताना हाच क्रम उलटा होतो, शिवाय झोपेत कार्डाची रजिस्टरे (कार्डातल्या नोंदींच्या छोट्या जागा) पुसली गेली असतील असे धरून मेमरीतल्या पॅकेटांच्या रांगेचे पत्ते आणि कोणती पॅकेटे घ्यायची ते ठरवणारे फिल्टर ड्रायव्हरने पुन्हा लिहावे लागतात.

हे मला पुस्तकातून नव्हे, औशाजवळच्या एका विहिरीवर कळले. शेतीपंपाची वीज तेव्हा पाळीने, बहुधा रात्री येई; ती आली की मोटार चालू करून निरोप धाडणारे छोटे यंत्र आम्ही बसवले होते. ते सौर बॅटरीवर चाले, म्हणून एरवी झोपवून ठेवत असू. दर काही दिवसांनी ते उठे, पण नेटवर्क उठत नसे. आम्ही बॅटरी बदलली, वायर बदलली, उंदरांवरही संशय घेतला. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागलेले मामा म्हणाले, “तुमचं यंत्र बी लाइटीवानीच हाय, आलं तर आलं.”

चूक माझीच होती. उठताना मी इंटरप्ट आधी सुरू केले होते आणि नापी त्यानंतर. मधल्या क्षणभरात पॅकेट आलेच, तर हँडलर कार्डाचे इंटरप्ट बंद करी, पण नापी अजून बंद असल्यामुळे पोलिंगची नोंद होत नसे. आणि इंटरप्ट पुन्हा सुरू करणे हे तर पोलिंगचेच काम. हॉर्न बंद करायला सांगितले आणि काट्यावर कोणी आलेच नाही, असा तो प्रकार. त्या फटीत पॅकेट सापडणे दुर्मीळ, म्हणून टेबलावरच्या चाचणीत दोष कधी दिसला नाही. दोन ओळींची अदलाबदल केली आणि तो गेला. त्या दोन ओळींसाठी चार महिने गेले, हे सांगायला मला अजूनही संकोच वाटतो.

जुन्या पीसीआय कार्डांत आणखी एक खोच आहे. तेथे अनेक उपकरणे एकच इंटरप्ट लाइन वाटून घेतात, त्यामुळे आपले कार्ड झोपलेले असताना शेजाऱ्याच्या हाकेनेही आपला हँडलर चालतो. झोपलेल्या कार्डाचे रजिस्टर वाचले तर सहसा सगळे बिट एक असे उत्तर येते, आणि भोळा ड्रायव्हर त्याचा अर्थ सर्व प्रकारची कामे एकदम आली असा घेतो. म्हणून सगळे बिट एक दिसले की ‘हा माझा नाही’ असे सांगून परतावे. नव्या कार्डांत इंटरप्ट हा मेमरीत लिहिलेला संदेश असतो, तेथे हा शेजार नसतो.

नेटवर्कवरून झोपलेले यंत्र उठवण्याची सोय मात्र या वाटेने जात नाही. त्यासाठी कार्डाचा एक छोटा भाग जागा ठेवतात. सलग सहा एफएफ (सगळे बिट एक असलेले) बाइट आणि त्यानंतर स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची सहा बाइटची ओळख, सोळा वेळा, असे १०२ बाइट दिसले की तो वेगळा जागृतीचा संकेत देतो.

तेव्हा पुढच्या वेळी नेट उठले नाही तर लगेच ड्रायव्हर काढू नका. आधी लिनक्सच्या ‘प्रॉक’ या फोल्डरातील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल दोनदा उघडून कार्डापुढचा आकडा पाहा. लिंक, म्हणजे नेटवर्कची जोडणी, असूनही आकडा हलत नसेल तर इंटरप्ट बंदच राहिलेला असण्याची शक्यता मोठी. आकडा वाढतो आहे आणि पॅकेटे येत नाहीत, तर उठताना रांगेचे पत्ते पुन्हा लिहिले गेले का, ते तपासा.