पाण्याबाहेरचं घर

समोरच्या रिकाम्या प्लॉटवर बोर्ड लागला, तेव्हाच माझ्या दुपारच्या कामाचं खोबरं होणार हे कळलं होतं. मला बांधकाम बघायचं व्यसन आहे. जेसीबी दिसला की पाय थबकतात आणि पेन्शनर आजोबांसारखे हात मागे बांधून मी उभी राहते. इथे फ्रान्समध्ये, तुलूझ शहराबाहेरच्या वस्तीत तसं उभं राहायला संकोच वाटतो, म्हणून खिडकी.

बोर्डही वाचण्यासारखा. परवान्याचा नंबर, मालकाचं नाव, क्षेत्रफळ, उंची, सगळं रस्त्यावरून दिसेल असं. बोर्ड लागल्यापासून दोन महिन्यांत शेजाऱ्यांनी हरकत घ्यायची, नाहीतर गप्प बसायचं. आमच्या कऱ्हाडात हरकती स्लॅब पडल्यावर सुरू होतात आणि पुढच्या पिढीपर्यंत चालतात.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि तेही अडकले. आमच्या बाराला त्यांचे साडेतीन, चहाची वेळ. पण इथले गवंडी बाराच्या ठोक्याला थापी ठेवून जेवायला जातात. बाबांना रोज दिसायच्या त्या नुसत्या भिंती. "ही माणसं कायम जेवतच असतात काय गं?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पाणी मारतायत ना?"

मारत नव्हते. विटा भल्यामोठ्या, लाल, आतून पोकळ. वर रोलरने मसाल्याचा जेमतेम मिलिमीटरभर थर फिरवायचा आणि पुढची वीट ठेवायची. "मारतात की," मी ठोकून दिलं.

आमचं घर बांधलं तेव्हा मी चौथीत होते. शाळेला जायच्या आधी भिंतींना पाणी मारणं हे माझं खातं. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा उडवायचा. भिंत चर्र करून पाणी पिऊन टाकायची आणि ओल्या सिमेंटचा तो वास यायचा. स्लॅबवर तर मिस्त्रींनी आळी करून पाणी भरून ठेवलेलं. त्यात आम्ही वहीच्या पानांच्या होड्या सोडल्या, कावळ्यांनी आंघोळी केल्या. एके दिवशी मी दांडी मारली तर बाबा ओरडले, "आपण जेवलो, घर उपाशी!" त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

इथे उलटं. छप्पर झालं त्या दिवशी समोरची मालकीण, पोटाशी बाळ बांधलेलं, हात उंचावून म्हणाली, "ऑर दो!" म्हणजे घर पाण्याबाहेर आलं. दारं-खिडक्या बसल्या की "ऑर देर", हवेबाहेर. आणि हे नुसतं कौतुक नव्हे. तिच्यासारखा बिल्डरशी करार असला की पैसे या टप्प्यांवर द्यायचे: पाण्याबाहेर येईपर्यंत एकूण फार तर ६० टक्के, हवेबाहेर जाईपर्यंत ७५. कायद्यातच तसं आहे.

खिडक्या आल्या त्या कोळशासारख्या करड्या. रंगाचा नंबर ७०१६. हल्ली इथल्या नव्या घरांना दुसरा रंग ठाऊकच नसावा. गुलाबी विटांचं शहर म्हणून तुलूझ मिरवतं आणि नवी घरं मात्र पांढरे ठोकळे, करडे डोळे.

मग एक माणूस आला, त्याने दाराच्या चौकटीत कापड ताणलं, त्यात पंखा बसवला आणि घर कुठून गळतंय ते मोजलं. गळणार काय, तर हवा! ठरावीक दाबाला, बाहेरच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे, तासाला ०.६ घनमीटरपर्यंत माफ. एवढं सगळं बुजवायचं आणि मग आतली कोंदट हवा बाहेर काढायला दिवसरात्र चालणारं यंत्र लावायचं. आजीने आमच्याकडे प्रत्येक खिडकीवर जाळी ठेवायला लावली होती. "घराला नाक नको?" असं तिचं म्हणणं.

हे बाबांना सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांच्या मागे पावसाचा आवाज येत होता. आणि मधूनच एक दुसरा आवाज, टप्प, थांबून पुन्हा टप्प.

"बाबा, देवघराचा कोपरा पुन्हा?"

"पातेलं ठेवलंय. तू समोरचं दाखव."

मी फोन खिडकीकडे वळवला. बारा वाजून गेले होते, समोर कोणीच नव्हतं. बाबा तरीही बराच वेळ बघत राहिले.