पंप फिरेना, फॉर्म पुढे सरकेना

पाण्याने गार होणारं माझं कॉम्प्युटरचं मशीन चालू केलं की पंखे फिरायचे, स्क्रीन यायची, आणि थोड्याच वेळात प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जाऊन सगळं आपोआप बंद पडायचं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगच्या पानावर, पाणी फिरवणाऱ्या पंपासमोर आरपीएम (मिनिटाला फेरे) शून्य. रिझर्व्हॉयरला, म्हणजे पाण्याच्या टाकीला, हात लावला तर नेहमीची बारीक थरथर नाही. आमचा लूप, म्हणजे पाणी गोल फिरवणारी नळ्यांची जोडणी, घरीच जोडलेला आहे, पंप डी५ जातीचा, वॉरंटी शिल्लक. पंप तपासायचा आणि गेला असेल तर बदलून घ्यायचा, एवढंच काम होतं. त्यातलं तपासण्याचं काम एका संध्याकाळीच झालं. बदलून घेताना मात्र मी इतकी वैतागले, की हे सगळं लिहूनच काढायचं ठरवलं.

तपासणीचं आधी सांगते. पंप बंद आहे असा संशय आला की मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रोसेसर तापल्यावर स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी मशीन बंद पाडतो, पण म्हणून त्याला दर वेळी तिथवर नेण्यात काही अर्थ नाही. पंप एकट्यानेच चालवून बघता येतो. एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, २४ पिनची केबल मदरबोर्डवरून काढायची, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्याही केबली काढायच्या, फक्त पंपाची ठेवायची. मग त्या २४ पिनच्या प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीशी जोडली की एसएमपीएस मदरबोर्डाशिवाय चालू होतो. हल्ली पुष्कळ केबली सगळ्याच काळ्या असतात. तिथे अंदाजाने तार खुपसू नका, या कामासाठी तयार जंपर प्लग मिळतो तो वापरा. लूप भरताना आणि गळती तपासतानाही तोच लागतो.

पंप असा एकटा चालवल्यावर आधी एक ठरवा: तो फिरतच नाही, की फिरतो पण पाणी ढकलत नाही? आवाज आणि थरथर असेल तर बहुतेक आत हवा अडकलेली असते. कॅबिनेट थोडं तिरकं करून, वीज चालू-बंद करत राहिलं की ती निघते. माझा पंप थोड्या थोड्या वेळाने ‘टक्’ असा हलका झटका द्यायचा आणि थांबायचा. म्हणजे सुरू व्हायचा प्रयत्न होत होता, पण फिरणं नव्हतं.

अशा वेळी पीडब्ल्यूएमचा, म्हणजे वेग ठरवणारा, प्लग हेडरवरून (मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीवरून) पूर्ण काढून बघायचा. अशा पंपाला वीज साटा किंवा मोलेक्स केबलमधून थेट एसएमपीएसकडून मिळते. हेडरकडे जाणाऱ्या वायरी फक्त वेग सांगायला आणि वेग कळवायला असतात. तो प्लग काढल्यावर पंप फिरू लागला, तर दोष पंपाचा नाही, हेडरच्या सेटिंगचा आहे. बायोसमध्ये जाऊन त्या हेडरचा वेग शंभर टक्के करून बघा. बायोस अपडेट केलं की ही सेटिंग्ज बहुतेक वेळा मूळपदावर जातात, हे ध्यानात असू द्या. माझ्याकडे प्लग काढूनही फरक पडला नाही. मल्टीमीटर लावला: पंप जोडलेला असताना पिवळ्या आणि काळ्या वायरींमध्ये १२.०८ व्होल्ट. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं, म्हणजे वीज उत्तम. त्याच केबलवर पंखा लावला, तो लगेच फिरला.

उरला पंपच. आणि इथून फॉर्म सुरू झाला.

कंपनीच्या तक्रार फॉर्मला सिरियल नंबर लागतो. तो घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. बिलावर तो नव्हता, खोक्यावर फक्त मॉडेलचा क्रमांक. सिरियल नंबरचं स्टिकर पंपाच्या बुडाला, आणि बूड कॅबिनेटच्या तळाकडे तोंड करून घट्ट बसवलेलं. फटीत फोन जात नाही. आरसा घातला तर उलटी, पुसट अक्षरं. वर नळ्या कडक, वाकवून पंप बाजूला घेता येईल अशा नाहीत. थोडक्यात, तक्रार नुसती नोंदवायची तरी अख्खा लूप रिकामा करा, नळ्या काढा, पंप सोडवा. ज्यांनी ते स्टिकर तिथे लावलं त्यांनीच तो रकाना सक्तीचा केला, याचा राग मला अजून आहे. तुमचा पंप अजून खोक्यात असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी त्याच्या बुडाचा फोटो काढून ठेवा.

लूप रिकामा केला, नंबर मिळाला, तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, तयार झालं. उत्तर आलं: बायोस अद्ययावत करा. मी कळवलं की पंप टेबलावर आहे, त्याला फक्त एसएमपीएस जोडलेला आहे, मदरबोर्ड या चित्रातच नाही. पुढचं उत्तर: विंडोजमधलं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. बारा व्होल्टवर चालणाऱ्या मोटरला विंडोजशी काय देणंघेणं? मी तेच पुन्हा लिहिलं, या वेळी व्हिडिओ जोडून. व्हिडिओ मोठा म्हणून फॉर्मने नाकारला. छोटा केला, पाठवला, आणि वाट पाहिली. बरीच वाट पाहिल्यावर निरोप आला की ग्राहकाकडून प्रतिसाद न आल्याने तिकीट बंद करण्यात आलं आहे. प्रतिसाद त्यांच्याकडून यायचा होता! नवं तिकीट उघडलं, तर नवा माणूस, आणि पहिला प्रश्न पुन्हा तोच: बायोस अद्ययावत केलं का?

या वेळी मी भांडले नाही. त्यांना विचारायला काही शिल्लकच राहू नये असा एक निरोप लिहिला. आधी एकच प्रश्न लेखी विचारून घेतला: वरचं झाकण उघडून रोटर (पंपाचा आतला फिरणारा भाग) बघितला तर वॉरंटी जाते का? ‘जात नाही’ असं लेखी मिळाल्यावरच झाकण उघडलं. डी५मध्ये रोटरला दांडा नसतो. तो सिरॅमिकच्या छोट्या गोळीवर चुंबकाच्या ओढीने टेकलेला असतो, बोटांनी वर ओढला की निघतो. खाली चिकट साका किंवा कचरा असेल तर तिथेच अडतो. अशा वेळी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन परत बसवल्यावर कित्येक पंप चालू होतात. माझा स्वच्छ होता, बोटाने सहज डुलत होता.

मग एक व्हिडिओ, कुठेही न तोडता: आधी सिरियल नंबर, मग मोकळा डुलणारा रोटर, मग झाकण लावून पाणी भरलेला पंप, शेजारी व्होल्ट दाखवणारा मल्टीमीटर, आणि त्याच चौकटीत तो ‘टक्’ करून थांबणारा पंप. शेवटी त्याच केबलवर फिरणारा पंखा. सोबत पाच ओळींत सगळी मापं. पुढच्याच उत्तरात बदली मंजूर झाली, एकही प्रश्न न येता. त्या व्हिडिओचा मला आजही अभिमान वाटतो.

पाणी भरलेला पंप असं म्हटलं ते मुद्दाम. कोरडा पंप ‘फक्त बघायला’सुद्धा चालवू नका. त्या गोळीला वंगण आणि गारवा पाण्यातूनच मिळतो. टेबलावर चाचणी घेताना पंपाला लहानशी नळी गोल फिरवून जोडा आणि रिझर्व्हॉयर भरलेला ठेवा. झाकण परत लावताना ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, पिळली गेली नाही ना ते बघा.

एक राहिलंच. कोणी सुचवेल की पंपाची वीज पंख्याच्या हेडरवरून घेऊन बघ. साधा हेडर सहसा एक अँपिअरचा, म्हणजे बारा वॉटचा असतो. डी५ पूर्ण वेगात वीस वॉटच्या पुढे जातो. हे करू नका.

नवा पंप आला. पहिल्याच झटक्यात फिरला. मदरबोर्डला वीज न देता, सांध्यांखाली कागद पसरून रात्रभर नुसता पंप चालवला. सकाळी कागद कोरडे होते, मग बाकीच्या केबली लावल्या. पंपाची आरपीएमची वायर आता मी सीपीयू फॅनच्या हेडरवर लावली आहे आणि बायोसमधला त्याचा इशारा चालू ठेवला आहे. पंप पुन्हा थांबला तर मशीन सुरू होतानाच अडवेल. नव्या पंपाच्या सिरियल नंबरचा फोटो छापून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलाय.