डिमर बसवताना: आधी लाईट, मग बटण

सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पीओपीत ८ वॅटचे सहा एलईडी डाऊनलाईट आहेत, एकूण ४८ वॅट. मी आधी डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा नॉब, आणला, तिथेच गणित चुकलं. डिमरवर ४०० वॅट छापलेलं, तेव्हा ४८ वॅट म्हणजे किरकोळ असं वाटलं. नॉब अर्ध्यापर्यंत फिरवला तोवर ठीक होतं. त्याखाली गेलं की दोन लाईट लुकलुकायचे, एक विझायचा आणि बोर्डातून भुंग्यासारखी घूं यायची.

४०० वॅट हा आकडा तारेच्या पिवळ्या बल्बचा असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ६० ते ४०० असं होतं, म्हणजे किमान लोड ६० वॅट, आणि माझे भरत होते ४८. साध्या डिमरमध्ये ट्रायॅक, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. ट्रायॅक तिचा सुरुवातीचा भाग कापतो, मग चालू होतो आणि किमान ठरावीक करंट वाहत असेल तोवरच चालू राहतो. हा करंट दहा मिलिअँपिअरच्या काही पट असतो. ८ वॅटचा एक लाईट पूर्ण उजेडातही ३५ मिलिअँपिअरच्या आसपासच घेतो. त्यातही ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं लाईटमधलं सर्किट, करंट सलग न घेता झटक्याने ओढतो, मग ट्रायॅक मध्येच सुटतो. तेच डोळ्याला लुकलुक म्हणून दिसतं.

दोष डिमरचा की लाईटचा, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. डिमरनंतर, लाईटच्या समांतर, ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडायचा. लुकलुक पूर्ण थांबली तर लोड कमी पडत होता. तरीही राहिली तर लाईटचा ड्रायव्हरच डिम होणारा नाही. माझ्याकडे लुकलुक कमी झाली, पण खालच्या टोकाला दोन लाईट विझतच राहिले. थोडक्यात, दोन्ही दोष होते.

म्हणून सहाही लाईट बदलले. खोक्यावर ‘डिमेबल’ स्पष्ट छापलेले, एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे घेतले. वेगवेगळे मिसळले तर एक विझतो तेव्हा दुसरा लख्ख असतो. बटण बंद-चालू केलं की उजेडाच्या पायऱ्या बदलणारे लाईट मिळतात ते वेगळे. त्यांना साधं बटणच हवं, डिमर लावू नये. नवा डिमर ट्रेलिंग एज प्रकारचा घेतला. हा लाटेची शेपटी कापतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या कॅपॅसिटरला दर लाटेला झटका बसत नाही आणि आवाज जवळजवळ जातो. एलईडीसाठी कमाल वॅट वेगळे छापलेले असतात, तेच धरायचे. ते नसतील तर पिवळ्या बल्बच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यावर मी जात नाही.

जोडणी सोपी आहे, पण हात सरावलेला नसेल तर वायरमनलाच बोलवावं. लाईटची एमसीबी पाडली, टेस्टरने बोर्डातली प्रत्येक वायर तपासली. मग फेज आधी बटणात, बटणातून डिमरच्या ‘एल’वर, आणि डिमरच्या बाणाच्या टोकातून लाईटकडे. हा दोन वायरींचा डिमर असल्याने न्यूट्रलला हात लावायचा नाही. वेगळं बटण मुद्दाम ठेवलं, कारण काही डिमर नॉब शून्यावर असतानाही किंचित करंट सोडतात आणि एलईडी रात्रभर मिणमिणतो. जुन्या घरात बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असेल तरीही मिणमिण दिसते. बटण बंद करून होल्डरवर टेस्टर पेटला तर समजायचं, आधी ते दुरुस्त करायला हवं.

वायरची साल ८ ते १० मिलिमीटर सोलली, एकही तार बाहेर राहणार नाही असं पाहून स्क्रू आवळले. सैल स्क्रू आणि कोंडलेली उष्णता हीच डिमर जळायची नेहमीची कारणं. पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर यांच्या मध्ये म्हणून एक रिकामं मॉड्यूल, म्हणजे बोर्डातली एका बटणाची जागा, सोडलं. नॉबची प्लेट कोमट लागणं चालतं, चटका बसणं नाही. २०१९ च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांत लोखंडी बॉक्स आतून गंजलेले असतात. नवा डिमर गंजक्या बॉक्समध्ये कोंबू नये, बॉक्स बदलून अर्थिंग नीट जोडावं.

या डिमरच्या कडेला एक बारीक स्क्रू आहे, किमान उजेड ठरवणारा. तो मी दुपारी लावला आणि संध्याकाळी फसलो. व्होल्टेज उतरलं की खालच्या टोकाचे लाईट विझायचे. शेतीपंप त्याच ट्रान्सफॉर्मरवर असतील तर हे हमखास होणार. म्हणून रात्री आठच्या सुमारास पुन्हा लावला: नॉब तळाशी, बटण दहा वेळा बंद-चालू, सहाही लाईट दर वेळी पेटेपर्यंत स्क्रू थोडा थोडा वर. नंतर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक अजून आहे, डोळ्याला जाणवत नाही इतकंच.

आईच्या खोलीत ‘झिरो’च्या जागी हाच प्रकार केला, ९ वॅटचा एकच डिमेबल बल्ब. इथे डिमर निवडताना किमान लोड ५ वॅट किंवा त्याहून कमी छापलेलं हवं, नाहीतर वरचीच रडकथा. पंख्याचा जुना रेग्युलेटर पडून आहे म्हणून तोच बल्बला लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कॅपॅसिटर असतात, त्यांच्यावर एलईडीचा ड्रायव्हर धड चालत नाही. उलटही करू नये: लाईटच्या डिमरवर पंखा घुमतो आणि तापतो.

देवघरावरच्या एलईडी पट्टीचं गणित वेगळं. ५ मीटरची १२ व्होल्ट पट्टी, मीटरला ४.८ वॅट, म्हणजे २४ वॅट आणि २ अँपिअर. अडॅप्टर ३ अँपिअरचा घेतला. पट्टीचा डिमर अडॅप्टरनंतर, डीसी बाजूला बसतो. २३० व्होल्टच्या बाजूला डिमर लावला की साधा अडॅप्टर ओरडतो किंवा बंद पडतो.

राहिला इन्व्हर्टर. लाईट गेली की स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर डिमरचे लाईट थरथरतात, कारण ती लाट साईनसारखी हळूहळू चढत नाही आणि डिमरची वेळ चुकते. नव्याने घेणार असाल तर साईन वेव्ह घ्या. माझा जुना चालू आहे, म्हणून हॉलचा डिमर मेनवर ठेवला आणि इन्व्हर्टरच्या वायरीवर एक साधी ट्यूब दिली.