मोल : मोजायचं नाही, तोलायचं

वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या डब्यावर डब्ल्यू-३२० असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅमात, ३०० ते ३२० अख्खे काजूगर. डबा भरताना ते एकेक करून कोणी मोजत नाही. प्रत माहीत असली की काट्यावरूनच आकडा कळतो. डब्ल्यू-१८० चा गर टपोरा, त्याचे ३२० घेतले तर काटा ८०० ग्रॅमच्या आसपास जाईल. संख्या तीच, वजन वेगळं. रसायनशास्त्रातला मोल हा असाच हिशेब आहे: ठरावीक संख्येच्या कणांचा एक गठ्ठा, फक्त मोजायचे कण डोळ्यांना दिसत नाहीत.

पुस्तकं मात्र सुरुवातीलाच एका मोलमधल्या कणांची संख्या, ६०२२ वर वीस शून्यं, अंगावर टाकतात आणि मुलं तिथेच बिचकतात. खरं तर पूर्ण गणित त्या आकड्याशिवाय सुटतं. तो आकडा तेवढाच का, एवढं कळलं की पुरे: अणुवस्तुमानाचा किंवा रेणुवस्तुमानाचा जो अंक, तितकेच ग्रॅम एका मोलला भरावेत म्हणून. कार्बन १२, तर १२ ग्रॅम. पाणी १८, तर १८ ग्रॅम. मीठ ५८.४४, तर ५८.४४ ग्रॅम. १९७१ मध्ये मोलला एसआय पद्धतीत मूलभूत एककाचं स्थान मिळालं, तेव्हा व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून थेट संख्याच ठरवून टाकली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. ज्याचं नाव तिला दिलंय त्या ॲव्होगॅड्रोला ती कधीच माहीत नव्हती. १८११ मध्ये त्याने मांडलं ते एवढंच, की तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूही सारखेच असतात.

आता प्रयोग. तिसऱ्यांच्या शिंपल्या आपल्याकडे फुकट मिळतात. कालवणातल्या नकोत, आणि घ्यायच्याच असतील तर तेल-मीठ जाईपर्यंत उकळून धुवा. उन्हात खडखडीत वाळवून कुटा आणि ५ ग्रॅम पूड घ्या. शिंपली म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शिअम कार्बोनेट. त्याचा एक मोल १०० ग्रॅमचा, म्हणून ही पूड ०.०५ मोल. कार्बोनेटच्या एका मोलला हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन मोल लागतात, म्हणजे ०.१ मोल, म्हणजेच १ मोलर (लिटरला १ मोल) आम्ल १०० मिलीलिटर. हात थोडा सढळ ठेवून १२० घ्या. कॉनिकल फ्लास्कमधलं आम्ल आणि कागदावरची पूड एकत्र तोला, मग पूड चिमटी-चिमटीने सोडा. कार्बन डायऑक्साइड ०.०५ मोल निघायला हवा, म्हणजे २.२ ग्रॅम. शेवटी कागदासकट पुन्हा तोलल्यावर तेवढी घट दिसली पाहिजे.

ती नेमकी तेवढी येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. पूड एकदम ओतली तर फेसाबरोबर तुषार उडतात आणि घट जास्त दिसते. त्यासाठी तोंडाशी कापसाचा सैल बोळा ठेवा, पण तोही दोन्ही वेळा तोलून. उलट थोडा वायू पाण्यातच विरघळून राहतो, १२० मिलीलिटरात ०.१५ ग्रॅमच्या आसपास, तेवढी घट कमी दिसते. तो निघावा म्हणून फ्लास्क गोल फिरवत राहा. आम्ल ६० मिलीलिटरच घेतलं तर ०.०६ मोल आम्ल ०.०३ मोल कार्बोनेट खाऊन थांबतं: घट १.३ ग्रॅम आणि तळाशी २ ग्रॅम पूड तशीच.

वायू वाया जाऊ नये म्हणून तोंडाला फुगा लावायची हौस अनेकांना येते. फुगा लावून तोलू नका. आपल्याकडच्या ३० अंशांत ०.०५ मोल वायू सव्वा लिटर जागा घेतो. फुगलेला फुगा तेवढी हवा बाजूला सारतो, हवा त्याला वर उचलते आणि काहीही बाहेर न जाता काटा सुमारे दीड ग्रॅम कमी दाखवतो. एका मोल वायूला २२.४ लिटर, हा पाठ केलेला आकडा शून्य अंशाचा आहे. रत्नागिरीत मे महिन्यात तो पंचवीसच्या घरात जातो.

बाकी बहुतेक चुका एकाच प्रश्नावर अडतात: मोल कशाचा? 'ऑक्सिजनचा एक मोल' म्हटलं तर अणूंचा १६ ग्रॅम, रेणूंचा ३२. बाटलीवर नुसतं ऑक्झॅलिक आम्ल वाचून ९० धरलं, पण आत स्फटिकजल असलेले खडे आहेत, त्यांचा मोल १२६ ग्रॅमचा. ०.१ मोलरचं २५० मिलीलिटर द्रावण करायला ३.१५ ग्रॅम लागतात. २.२५ टाकले तर द्रावण ०.०७१ मोलरचंच होतं आणि पुढचं सगळं टायट्रेशन, म्हणजे माहीत तीव्रतेच्या द्रावणावरून दुसऱ्याची तीव्रता काढणं, चुकतं. द्रावण करताना लिटरभर पाणी ओतायचं नसतं. थोड्या पाण्यात विरघळवा, मग व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कच्या खुणेपर्यंत भरा.

पावसाळ्यात आणखी एक त्रास. कॉस्टिक सोड्याच्या (सोडिअम हायड्रॉक्साइडच्या) गोळ्या तोलता तोलता पाझरायला लागतात, हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतात. काटा ४ ग्रॅम म्हणत असला तरी आत ०.१ मोल नसतो. म्हणून तो अंदाजे तोलायचा आणि खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाविरुद्ध टायट्रेशन करूनच काढायची. मिठागरातलं खडे मीठही ५८.४४ धरून तोलू नये. त्यातलं मॅग्नेशिअम क्लोराइड जुलैत त्याला ओलंगच्च करतं, आणि भट्टीत सुकवलं तरी ते मॅग्नेशिअम काही जात नाही.