पूर्ण एक मिनिट

जानेवारीतली पहाट. पावणेसहाला सिस्टरांचा फोन आला, "सर, ब्रॉट डेड आलंय, या लवकर." धुळे जिल्ह्यातल्या तापीकाठच्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात हे दोन शब्द ऐकले की पुढची कामं ठरलेली असतात. पोलिसांना कळवायचं, पंचनामा, शवविच्छेदन. स्वेटर चढवून मी क्वार्टरमधून निघालो.

दारात पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात गोधडीत गुंडाळलेले साठीचे आबा. मुलगा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "आबा थंडा पडी गया, डाक्टर," एवढंच तो परत परत म्हणत होता.

त्या आठवड्यात शेतीच्या मोटरची लाइट रात्रीची होती. आबा गव्हाला पाणी भरायला एकटेच गेले, चारीत पाय घसरला, घोटा मोडला. उठता येईना. ओल्या धोतरात, वाऱ्यावर, पहाटेपर्यंत तिथेच पडून राहिले. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, त्यामुळे थंडीने माणूस मरतो हे कुणाच्या मनातच येत नाही. पण धुळ्याकडे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि ओलं कापड अंगातली ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी झपाट्याने ओढून घेतं. त्यात आबा म्हणजे काडीसारखी अंगकाठी.

हात लावला तर अंग दगडासारखं गार. थरथर अजिबात नाही. नाडी लागेना. वॉर्डबॉयने नेहमीच्या सवयीने पाय धरून ओढायला सुरुवात केली तसा मी ओरडलोच, "थांब! हलवू नकोस!"

त्या ओरडण्यामागे चार वर्षांपूर्वीची एक रात्र होती. दुसऱ्या एका रुग्णालयात असताना विहिरीत पडलेला तरुण मजूर असाच गारठून आला होता. आम्ही त्याला उचलून बसवलं, ओले कपडे डोक्यावरून ओढून काढले, एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर टाकलं. तोवर हळूहळू चाललेलं त्याचं हृदय मॉनिटरवर एकदम फडफडायला लागलं, म्हणजे नुसतं थरथरत राहिलं, रक्त ढकलेना. अर्धा तास छाती दाबली, इंजेक्शनं दिली आणि थांबलो. तो गार असतानाच मी थांबलो. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, आणि प्रत्येक पानावर मला तोच दिसत होता.

शरीराचं तापमान 28 अंशांच्या आसपास किंवा खाली गेलं की हृदय अतिशय नाजूक होतं. साधा हिसका, उठवून बसवणं, एवढ्यानेही त्याची लय बिघडून ते फडफडू शकतं. आणि एकदा फडफडलं की गार हृदय विजेच्या शॉकला नीट दाद देत नाही, औषधांना तर नाहीच. म्हणून 30 अंशांच्या खाली तीन शॉकपर्यंत बघायचं, अ‍ॅड्रेनलिन हे हृदयाला चालना देणारं इंजेक्शन थांबवायचं, छाती दाबत राहायचं आणि ऊब द्यायची. पण तीच थंडी मेंदूला राखतेही, कारण गार शरीराला प्राणवायू फार कमी लागतो. 1999 मध्ये नॉर्वेत बर्फाखाली अडकलेल्या अ‍ॅना बोगेनहोल्म या डॉक्टरचं तापमान 13.7 अंशांवर गेलं होतं, हृदय थांबलं होतं. तरीही ती वाचली.

मी हौद्यातच गुडघ्यावर बसलो आणि आबांच्या मानेवर दोन बोटं ठेवली. एरवी दहा सेकंद बघतो. इथे पूर्ण एक मिनिट बघायचं असतं, कारण ठोके फार लांब लांब पडतात. सिस्टर घड्याळ धरून उभ्या. पंधरा सेकंद, काही नाही. माझीच बोटं गार, म्हणून ती काखेत घालून शेकली, पुन्हा ठेवली, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. एक ठोका. मग इतका वेळ गेला की वाटलं भास झाला. मग दुसरा. मिनिटाला सव्वीस.

"आहेत!" मी म्हणालो. मुलाने तोंडावर हात दाबला.

चौघांनी चादरीसकट, आडवेच, पाण्याने भरलेली परात उचलावी तसे त्यांना आत नेले. कपडे कात्रीने कापले. थर्मामीटरवर आकडाच येईना, नुसतं 'एल ओ'. मग ऑपरेशन थिएटरच्या मॉनिटरचा प्रोब गुदद्वारातून घातला: 27.4. ईसीजीत प्रत्येक ठोक्याच्या शेवटी उंटाच्या मदारीसारखा उंचवटा होता. 1953 मध्ये डॉ. ऑस्बॉर्न यांनी वर्णन केलेली गारठलेल्या हृदयाची ती खूण मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच बघत होतो. सिस्टरांनी ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन भरून पुढे केलं. मी नको म्हटलं. त्या गारठ्याला सव्वीस ठोके पुरत होते.

बाळांच्या खोलीतला वॉर्मर ढकलत आणून आबांच्या छातीवर धरला. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीच्या दोन्ही बाजूंना. सलाइन कोमट करून. मुलगा तळपाय चोळायला लागला, त्याला हात धरून थांबवलं. हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे यायला नको होतं. शॉकचे पॅड छातीवर चिकटवूनच ठेवले. धुळ्याच्या फिजिशियनांशी फोनवर बोललो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आत्ता पाठवायचं नाही, हे दोघांचंही एकमत झालं.

तासाला जेमतेम एक अंश. 28.3. 29.1. मी खुर्ची ओढून मॉनिटरसमोर बसलो, ओपीडी दुसऱ्या डॉक्टरांनी सांभाळली. 30 ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून पाणीही प्यायलेलो नाही.

दुपारी साडेबाराच्या सुमारास 32 च्या वर आबांचा जबडा हलला. मग खांदे. मग अख्खा पलंग खडखडायला लागला. सिस्टर घाबरून धावत आल्या, फिट आली म्हणून. फिट नव्हती, आबांना थंडी वाजत होती. इतकं थरथरणारं माणूस बघून मला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

तीनच्या सुमारास त्यांनी डोळे उघडले, मुलाकडे बराच वेळ बघितलं आणि जड जिभेने विचारलं, "मोटर बंद करी का रे?"