तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिकोची चांदी ‘लुटली’ का?

मेक्सिकोच्या इतिहासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘स्पेनने सगळी चांदी लुटून नेली, म्हणूनच तो देश मागे राहिला ना?’ त्यातला तो शेवटचा ‘ना’ माझ्या डोक्यात जातो. उत्तर आधीच ठरलेलं असतं, माझी फक्त सही हवी असते. त्यातून निम्मे लोक पोतोसीचं नाव घेतात. पोतोसी ही चांदीची खाण आजच्या बोलिव्हियात आहे आणि ‘मिता’ नावाची वेठ तिथली. मेक्सिकोतल्या साकातेकास किंवा ग्वानाह्वातोच्या चांदीच्या खाणींवर गावं सोडून आलेले, मजुरी ठरवून खाणीत उतरणारे लोक जास्त होते. त्यांचे हाल कमी होते असं मी म्हणत नाही. हाल वेगळे होते, एवढंच.

लूट म्हटलं की आपल्याला सुरत आठवते. पेढ्या फोडल्या, घोड्यांवर लादलं, निघाले. मेक्सिकोत तसं 1519 ते 1521 या काळात झालं, आणि तेव्हा डोळा होता सोन्यावर. पुढची तीनशे वर्षं चालला तो कारखाना. तो कसा चालायचा हे ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

साकातेकासची खाण 1546 ची. वरची श्रीमंत धातुमाती शिशाबरोबर भट्टीत वितळवता येई, पण ती लवकर संपली, आणि हलक्या मातीसाठी जाळायला लाकूड पुरेना. 1554 च्या सुमारास बार्तोलोमे दे मेदिना याने मेक्सिकोतल्याच पाचुकाला पाऱ्याने चांदी काढायची रीत बसवली. खनिज आधी मुसळांच्या गिरणीत कुटायचं, मग दगडी घाण्यात पाणी घालून गंधासारखं दळायचं. फरसबंद अंगणात त्या चिखलाचा भाकरीसारखा थर पसरायचा. त्यात मीठ, भाजलेलं तांब्याचं खनिज (म्हणजे मुख्यतः मोरचूद) आणि वरून कापडातून पिळून पारा. मग तुडवायचं. आधी माणसांनी अनवाणी, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खेचरांनी. ऊन चांगलं असेल तर तीन-चार आठवडे, थंडीत दोन महिन्यांच्याही वर.

सगळी मदार पाऱ्याच्या जाणकारावर. तो रोज चिमूटभर चिखल वाडग्यात धुऊन तळाशी बसलेल्या पाऱ्याचा रंग बघायचा. मोरचूद जास्त झाला की थर ‘तापला’. पारा करडा पडून बारीक भुकटी व्हायचा आणि धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जायचा. त्यावर उतारा चुना किंवा राख. कमी पडला तर थर ‘थंड’ आणि चांदी मातीतच. सगळं जमून आलं की धुवायचं, राहिलेला लगदा जाड कापडातून पिळायचा आणि उरलेला पारा तापवून उडवायचा. पण कितीही काळजी घेतली तरी काही पारा परत मिळतच नाही. चांदी सुटी करताना तो स्वतः मिठातल्या क्लोरीनशी जोडला जातो, रसकापुराच्या जातीचा क्षार होतो.

एवढं लांबण लावलं ते या शेवटच्या वाक्यासाठी. पारा खर्च होणारच, आणि पारा विकायचा मक्ता राजाचा. तो यायचा मुख्यतः स्पेनमधल्या आल्मादेनहून. एक क्विंटल, म्हणजे सुमारे 46 किलो, पारा नेणाऱ्याने साधारण 100 मार्क, म्हणजे 23 किलो, चांदी दाखवायलाच हवी, असा हिशेब असे. चोरी पकडण्यासाठी खाणीत शिपाई ठेवायची गरज नव्हती, पाऱ्याची वही पुरत होती. मेक्सिकोत राजाचा थेट वाटा बहुधा दहावा हिस्सा. बाकीची चांदी खाजगी, ती कापड, पारा, लोखंड, मेण आणि रेशमाच्या किमतीपोटी बाहेर जायची. शिवाय मेक्सिकोच्या खजिन्यातून क्युबातल्या हवाना आणि फिलिपिन्समधल्या मनिलाच्या शिबंदीचा खर्चही दरसाल निघायचा. याला लूट म्हणा. मी हट्ट धरत नाही. पण मग लुटणाऱ्यांत चिनी रेशीम नेसणाऱ्या मेक्सिको शहरातल्या बायकाही मोजाव्या लागतील.

1571 मध्ये मनिला स्पेनच्या ताब्यात आली. चीनमध्ये कर चांदीत भरायची पद्धत रुळत होती आणि तिथे सोन्याच्या तुलनेत चांदीला युरोपच्या जवळजवळ दुप्पट भाव होता. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून जहाज सुमारे तीन महिन्यांत मनिलाला पोचे, परतीला चार ते सहा महिने. आठ रेआलांचा, सुमारे 27 ग्रॅमचा चांदीचा पेसो असा जगभर फिरला की अमेरिकेत तो 1857 पर्यंत कायदेशीर चलन होता. चीनचा युआन आणि जपानचा येन ही नावंही त्या गोल नाण्यांच्या गोलपणावरूनच.

आता ते, जे कुणी विचारत नाही.

28 सप्टेंबर 1810. बारा दिवसांपूर्वी दोलोरेसचा पाद्री मिगेल इदाल्गो याने स्पेनच्या राजवटीविरुद्ध बंड पुकारलं होतं आणि मागे वीस हजारांवर माणूस घेऊन तो ग्वानाह्वातोला पोचला. तिथला इंतेंदेंत, म्हणजे राजाचा प्रांताधिकारी, रियान्यो वाईट माणूस नव्हता, इदाल्गोशी त्याची ओळखही होती. 1785-86 च्या दुष्काळात माणसं मेली होती. पुन्हा तशी वेळ आली तर धान्य हाताशी असावं म्हणून त्यानेच अल्होंदिगा हे दगडी कोठार उभारलं होतं, 1809 मध्ये पुरं झालेलं. संकट आलं तेव्हा त्याने शिपाई, खजिन्यातली चांदी, पारा आणि शहरातली श्रीमंत माणसं मक्याशेजारी त्या कोठारात नेली आणि दार लावून घेतलं. शहर बाहेर राहिलं. नुकतेच दोन हंगाम पावसाविना गेलेले, मका महागलेला, आणि गावासाठी बांधलेलं कोठार गावालाच बंद. दोन दिवस आधी त्याने घाईघाईने डोईपट्टी माफ केली. लोक हसले.

इमारत भक्कम, पण जागा चुकीची. चारी बाजूंनी उंच टेकड्या. बंडवाले काता नदीच्या पात्रातले गोटे वर वाहून नेत होते आणि तिथून गोफणींनी मारा चालला होता. जवळच्या वालेन्सियाना खाणीचे कामगार उतरून हल्लेखोरांना मिळाले. कुदळ आणि सुरुंग त्यांच्या रोजच्या हातातले. रियान्यो सुरुवातीलाच डोक्यात गोळी लागून पडला. त्याच्या मुलाने पाऱ्याच्या लोखंडी बाटल्यांत दारू ठासून खालच्या गर्दीवर फेकल्या. ज्या बाटलीतून राजा हिशेब ठेवायचा, तिचा बाँब. दार जळलं, लोक आत घुसले, आणि आत जे झालं ती कत्तल होती. पुढे इतिहास लिहिणारा लुकास अलामान तेव्हा सतरा वर्षांचा, त्याच शहरात. त्याच्या लेखनातला थरकाप आयुष्यभर गेला नाही, आणि त्याच्या राजकारणातलाही. पाठीवर दगडी लादी घेऊन दाराला आग लावणाऱ्या पिपिलाचा पुतळा आज शहरावर उभा आहे. तो माणूस खरंच होता का, यावर वाद आहे.

नोव्हेंबरमध्ये राजाचं सैन्य येण्याच्या आदल्या दिवशी जमावाने कोठारातले कैदी मारले. मग सैन्याने चिठ्ठ्या टाकून माणसं फासावर दिली. 1811 पासून दहा वर्षं इदाल्गो आणि त्याचे साथीदार पुढारी आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस यांची डोकी त्या इमारतीच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यात टांगलेली होती.

या काळात खाणींचं जे झालं त्याचं चित्र कुणी काढलं नाही. पाणी उपसायचं ते खेचरांनी फिरवलेल्या रहाटांवर, चामड्याच्या मोटांनी. खेचरं पळवली, मका महाग, पारा अडकला, की पाणी चढू लागतं. मेक्सिको शहराच्या टाकसाळीत 1809 मध्ये 2.5 कोटींहून जास्त पेसोंची नाणी पडली, 1812 मध्ये 50 लाखांपेक्षा कमी.

पूर्वी मी इथे थांबून ठासून सांगत असे की चीनचं अफूचं संकट या कोठाराच्या दारात सुरू झालं. चांदी आटली आणि चीनच्या कँटन बंदरात चहाची किंमत अफूत चुकती होऊ लागली. ऐकायला छान वाटतं, पण अफू त्याच्या कितीतरी आधीपासून जात होती. आणि वरचा आकडाही मी अर्धाच सांगत असे. रस्ते बंद पडल्याने साकातेकास, दुरांगो, ग्वानाह्वातोला वेगळ्या टाकसाळी निघाल्या होत्या, त्यांची नाणी त्यात धरलेली नाहीत. ती नाणी वजनाला आणि कसाला एकसारखी नव्हती, म्हणून चिनी सराफ जुन्या राजाच्या मुखवट्याच्या नाण्याला चढा भाव देत राहिले. म्हणजे कमी काय पडलं, चांदी की नाण्यावरचा भरवसा? मी या वादात दोन्ही बाजूंनी भांडलोय. हल्ली भरवशाकडे झुकतो, पण आफ्रिका आणि आशियात आणखी कुठे किती चांदी अडकली हे धरलं की पुन्हा डळमळतो.

माळव्याची अफू मुंबईहून कँटनला जायची. तिच्या मोबदल्यात आलेल्या चांदीत मेक्सिकोचे डॉलर, म्हणजे हेच पेसो, असत, आणि मुंबईच्या टाकसाळीत वितळून त्यांचे रुपये होत. तिथून पुढे कुठला रुपया ग्वानाह्वातोचा, हे सांगता येत नाही.